मुळापासून चार बोटं

बराकपूर,
२० फेब्रुवारी १९७५

ती. सौ. कालिंदीताईस,

वृंदाचा नमस्कार. मी बरी आहे. भाओजींचा गुडघा आणि तुझा दमा थंडीने फार छळत नसतील असं धरून चालते.

पत्ता बदललेला दिसेल. बालीगंजची खोली सोडली. इथे नदी खिडकीशीच आहे. सकाळी धुक्यात होड्या दिसत नाहीत, नुसता वल्ह्यांचा आवाज येतो, आणि मी चहाचा कप धरून अर्धवट झोपेत उभी राहते. तपनची आई हाक मारते तेव्हा भानावर येते. तपन आमच्या प्रयोगशाळेतला, मागे लिहिलं होतं.

काम पाऱ्याचंच. एका कारखान्याचं पाणी नदीत जातं, त्यातला पारा माशांत उतरतो आणि मासे खाणाऱ्यांच्या केसांत साठतो. घाटावरच्या कोळ्यांचे केस आम्लात विरघळवायचे, पाऱ्याची वाफ करून नळीतून सोडायची, की काटा हलतो. तिथल्या एका बाईच्या हातून हल्ली भांडी निसटतात. तुलनेला मासे न खाणाऱ्याचे केस लागतात. आमचे साहेब चौधुरीबाबू हसून म्हणाले, ‘‘तुमि तो बामुनेर मेये, माछ छोंओ ना!’’ म्हणजे बामणाची मुलगी तू, माशाला शिवतही नाहीस. मी माझ्याच वेणीतली बट मुळाशी कापली.

दुपारची शांतता होती. काटा इतका हळू, इतका लांब सरकला की आधी मला ते नुसतं बघतच राहावंसं वाटलं. मग कळलं. ब्राह्मणाच्या मुलीतही एवढा पारा निघाला, तर तेवढा सगळ्यांतच असतो असं धरून अहवालात कोळी ठणठणीत ठरणार.

केस महिन्याला जेमतेम अर्धा इंच वाढतो. दुसऱ्या दिवशी उरलेली बट तुकड्यातुकड्याने तपासली. टोकाकडे जवळजवळ काहीच नाही. मुळापासून चार बोटं मात्र पारा. चार बोटं म्हणजे मागचा श्रावण.

श्रावणातच, ताई. तू सोमवार करत होतीस तेव्हा मी तपनशी रजिस्टर लग्न करून या घरात आले आणि सासूबाईंनी इलिश माशाचा पहिला घास भरवला. मला आवडला. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नाही, असं स्वतःला सांगत होते. खरं तर तू पत्रं बंद करशील याची भीती वाटत होती.

काल चौधुरीबाबूंना सगळं सांगितलं. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला. घरी मासे बंद आहेत, सासूबाई रुसल्या आहेत. ‘इथे शाकाहारी मारवाडी पुष्कळ, कुणाचेही केस चालतील,’ साहेब म्हणाले. मी म्हटलं, माझ्या ताईचे येतील. ते दहा दिवस थांबणार आहेत.

आई गेल्यावर तू माझी वेणी घालायचीस. केस ओढला गेला की डोक्यावर फुंकर मारायचीस. आता तुझे थोडे पाठव, मानेजवळून कापून, कागदात गुंडाळून. सोबत पत्र नसलं तरी चालेल. पाकिटावर माझं जुनंच आडनाव घातलंस तरी पोचेल.

अजून तुझ्यासारखीच वेणी घालणारी,
वृंदा