आखाजीला शिवेवर मुक्काम

१५ एप्रिल, बुधवार. देवपूर.

शेवटी हो म्हटलं. हे महिनाभर मागे लागले होते. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाल्यावर यांनी शाळेची एक जुनी व्हॅन घेतली. तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, छोटा कूलर, सगळं बसवलं. फिरतं घर म्हणे. आता अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, माझ्या माहेरी, शिंदखेड्याकडे, चार दिवस गाडीतच मुक्काम. "नानाच्या घरी जायचंच नाही. गावाबाहेर राहू. तुझी शपथ कुठं मोडते?"

शपथ. नऊ वर्षं झाली. माय गेली त्याचा निरोप माझ्या धाकट्या भावानं, नानानं, मला उशिरा दिला. पोचले तेव्हा नुसती राख. दहाव्याला चारचौघांत त्याला नको ते बोलले. तुझ्या घराची पायरी चढणार नाही म्हणाले. तो म्हणाला, मीही तुझ्या घराची नाही. झालं! नऊ आखाज्या माहेराविना. साठीला आलेय, तरी चैत्र सरला की जीव तिकडे ओढतोच. त्याच्याशी बोलावंसं वाटतं. पण आधी मी बोलायचं? छे.

१६, गुरुवार.

गावाच्या शिवेवर, नाल्याकाठच्या निंबाखाली गाडी लावली. ऊन असं की टपावर पापड भाजावा. ताडपत्री ताणली, खाली पाणी मारलं, ओली गोणपाटं खिडक्यांना. दु. कूलरसमोर आडवी झाले ती चारला उठले. कुणाला चहा नाही, कुणाचं ताट वाढायचं नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, अशी दुपार आठवत नाही.

तेवढ्यात यांनी गाडीचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. जागेसकट. हा माणूस!

१७, शुक्रवार.

स. सहापासून रीघ. पहिली दोंडाईच्याची मावसबहीण, उतरतानाच तावातावानं: "आमनं घर पडी गयं का? रस्तावर झोपी ऱ्हायनात!" मागोमाग यांचे मामेभाऊ, तेही फुगलेले. रानात राहायचं तर परमुलखात जावं, हे आमच्या लक्षातच आलं नाही. इथं दर कोसावर नातं. नात्यातल्या गावी गाडीत झोपणं म्हणजे त्यांच्या तोंडात मारल्यासारखंच की. रागावून आले, पण रिकाम्या हातानं कुणी नाही. शेवभाजीचेच चार डबे झाले.

नाना नाही आला. घर इथून दहा मिनिटांवर. येणारा प्रत्येक जण त्या बाजूला एकदा बघतो आणि विषय बदलतो. मीही बदलते.

१८, शनिवार.

आबा आले. आमच्या माहेरचे जुने शेजारी, ऐंशीच्या पुढचे. गाडीभोवती चक्कर मारली, काठीनं टायर ठोकलं, आत डोकावले. मग विचारतात, "अक्का, हाई घर शे का गाडी?" म्हटलं, गाडीच आबा, हवं तर आरटीओत विचारा. "मंग बरं," म्हणाले, चहा प्यायले, गेले. मला काही बोध होईना. हे मात्र मिशीत हसत होते.

दु. गावातून पोरींची झोक्यावरची गाणी ऐकू आली. रडले. साफ रडले, पदर ओला होईतो. हे आपले कूलरमध्ये पाणी ओतत बसले.

१९, रविवार. आखाजी.

नाना आला!

अकराच्या सुमारास. घरी पितरांची घागर पुजून, विस्तवावर आगारीचा घास टाकून, स्वतः जेवायच्या आधी. मागे त्याची बायको सुनंदा, हातात झाकलेलं ताट. ताडपत्रीच्या बाहेर उन्हातच उभा. केस किती पांढरे झालेत. आणि मी काय बोलावं? "ये म्हणावं तर माझ्या घराची पायरी तुला चालत नाही." जीभच मेली अशी. तो म्हणाला, "आबा बोलना, चाकवर शे ते घर नही." नि सरळ आत येऊन पलंगावर बसला.

पाणी दिलं, प्यायला. तांब्या पुन्हा भरून ठेवला. शेवटी सुनंदा: "अक्का, आज सांगीच टाकस. निरोप यास्नी नही थांबाडा. माय जाता जाता बोलनी व्हती, अक्कानी पोर दवाखानामा शे, ती मोकळी व्हऊ दे, मंग सांग."

म्हणजे मायनंच. माझी लेक तेव्हा नाशिकला बाळंतपणात अडली होती, मी तिच्या उशाशी. नानाला म्हटलं, मग दहाव्याला का नाही बोललास? "तू बोलू देशी तव्हय ना!"

खरंय. मी कुणाला बोलू देते? सगळ्यांसमोर त्याला चोर केलं, तोही चिडला, आणि दोघं बसलो फुगून. मायवर रागवावं तर आजच तिच्या नावानं घागर भरलेली. छातीवरचा धोंडा उतरला बाई. हसू येतंय, मध्येच डोळे भरतायत. यांना वाढायचं सोडून ताटातला आमरस आधी मीच ओरपला. सुनंदा बघतच राहिली.

घरी चल, असं मात्र नाना जाताना म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. त्याला आबांनी पळवाट काढून दिली. त्याच्या घराला कुठं चाकं आहेत?

२०, सोमवार.

परत निघायचं तर मागच्या दोन्ही चाकांत हवा नाही. यांनी वाकून पाहिलं. "पंक्चर नाही. कुणीतरी सोडलीय." स्टेपनी एक, चाकं दोन, पंप घरी, देवपूरला. आणि नाना बांधावर उभा, आभाळाकडे बघत. छप्पन्न वर्षांचा घोडा!

"दाजी, पंप मन्हा घर शे. पण तुमले नही देवाव. अक्काले धाडा."

म्हटलं शिंदखेड्याच्या गॅरेजला फोन लावा. हे म्हणतात रेंज नाही. रेंज आहे, मला दिसतेय. दोघं मिळालेत.

नाना गेला घरी. वळूनही पाहिलं नाही, पण चालला सावकाश. चारचौघांत घेतलेली शपथ. मोडली तर मायला वाईट वाटेल का? तिनं तरी कुठं मागितली होती. आणि गेल्यावर उंबऱ्यात काय बोलायचं? की न बोलता नुसता पंप मागायचा?

साडेनऊ. ऊन चढतंय. अंगावर रोजचीच साडी, चांगलीची घडी मोडून पाहिली, परत ठेवली. हे बाहेरून विचारतायत, "जातेस, की मी चालत शिंदखेडा गाठू?"

म्हटलं, थांबा हो. केस तरी विंचरू द्या.