पडदे ओढलेलं घर

ती. ताईस,

कालव्याच्या या काठावरून त्या काठाला आलेदाचा नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असणार. तुझ्या खिडकीतलं जिरेनियम टवटवीत दिसतं, म्हणजे पाणी घालणारीही बरी असणार. (पूल ओलांडून हे पत्र हातात देता आलं असतं; पण तू म्हणाली असतीस, आली शेवटी नाक मुठीत धरून. म्हणून पोस्टाचं तिकीट लावलं.)

आपल्या डेल्फ्टच्या त्या चित्रावर, खिडकीशी उभ्या बाईच्या, सिनेमा निघतोय हे तुला कळलंच असेल. शूटिंग आमच्याकडे झालं, कारण दिग्दर्शकाला आमच्या जुन्या फरश्या आवडल्या. ती बाई शतकानुशतकं बाहेर काय बघतेय, याचा त्याने छडा लावलाय: म्हणे तिचा प्रियकर गलबतावर गेलाय. मी म्हटलं, "अरे बाबा, कालव्याकाठची बाई खिडकीत उभी राहते ती समोरच्या घरात कोण आलं नि कोण गेलं ते बघायला." तो हसला आणि त्याने माझ्या फ्रिजवर गोणपाट टाकायला लावलं. नटीने सलगम सोलायला घेतलं, तर निम्मं सालीबरोबर गेलं. आपल्या आईने तिच्या हातातला चाकूच काढून घेतला असता.

मग त्या शहाण्याला रस्त्यावरचा उजेड नकोसा झाला, म्हणून त्याने भर दुपारी पुढचे पडदे ओढून घेतले. तो अॅमस्टरडॅमचा, त्याला काय कळणार! आपल्या गल्लीत दिवसा पडदे ओढले की त्या घरातलं माणूस गेलं, हे शेंबडं पोरही सांगेल. घटकाभरात शेजारची वेंडेला वाटाण्याचं सूप घेऊन डोळे पुसत दारात हजर. दार उघडलं आमच्या लेंडर्टनेच, सपाता घालून. "अगं बाई, तुम्ही गेला नाहीत?" ती म्हणाली, आणि सूप परत न्यावं की काय अशा विचारात उभीच राहिली. हारमेन मासेवाल्याने टोपी काढली. चर्चमधून केक आला. लेंडर्ट सगळ्यांचं सांत्वन स्वीकारत केक खात बसला आणि मला म्हणतो, "गेल्यावर इतकी किंमत येते माणसाला? मग इतकी वर्षं उगाच जगलो की!"

मी पडद्याच्या फटीतून समोर बघत होते. तुझा पडदा हलला, ताई. तू दिसलीस, आमच्या खिडकीकडे पाहिलंस, चांगलं डोळे भरून पाहिलंस. माझा नवरा गेला असं समजलीस, आणि हातातली झारी उचलून जिरेनियमला पाणी घातलंस.

आईच्या मातीहून परतल्यावर कॉफीच्या वेळी मी बिस्किटांचा डबा बंद केला, कोबुस भावजींनी दुसरं घ्यायच्या आत. बरं, केला. सगळं गाव एकेक बिस्कीट देऊन झाकण लावतं, तूही लावतेस. तेवढ्यावरून इतकी वर्षं अबोला? मला तुझा राग येतो, आणि वाईट त्याहून जास्त वाटतं. एवढंच कळवायचं होतं. बाकी सर्व क्षेम.

तुझी धाकटी,
आलेदा

ता. क. सिनेमाच्या पहिल्या खेळाचे दोन पास मिळालेत. लेंडर्टला इतका वेळ बसवत नाही. वेंडेला मागतेय, तिलाच देईन म्हणते. अजून दिला नाही.

ता. ता. क. सिनेमावाले गेले, आता परत यायचे नाहीत. सोमवारी लेंडर्टच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. यापुढे आमचे पडदे दिवसा बंद दिसले तर ते शूटिंग नसेल. पण तेव्हा तू येतेस की झारी उचलतेस, हे मला परत फटीतून बघायचं नाही. म्हणून उघडे आहेत तोवर ये. भावजींनाही आण. बिस्किटांचा डबा टेबलावरच आहे, झाकण कुठे ठेवलंय ते मला सापडत नाही.