माझ्या हातात

३ मे, माऊन
आले बाई एकदाची! हेलिकॉप्टर शाळेतली खोली म्हणजे नुसतं पत्र्याचं खोकं, पण खिडकीतून यंत्र दिसतं, आणखी काय हवं? मेकॅनिक मा सेथुन्याने (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला 'मा', पुरुषाला 'रा' म्हणतात) गरम मॅग्विन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, हातावर ठेवले. म्हणाली, खा पोरी, उद्यापासून पोटात काही टिकायचं नाही. आमचे गुरू रा मोलेफे मिशीतल्या मिशीत हसले. तिकडे आईने गावभर सांगून टाकलंय, लेक पायलट झाली. आता परत फिरायची सोय नाही.

६ मे
आज हॉवर. पुरुषभर उंचीवर यंत्र जागच्या जागी तोलून धरायचं. मेलं बकरीसारखं उधळलं! यंत्र वळवायचा दांडा गुरू आणि शिकाऊ दोघांपुढेही असतो, म्हणून इथला नियम: घेणाऱ्याने 'माझ्या हातात' म्हणायचं, दुसऱ्याने 'तुमच्या हातात' म्हणून तत्क्षणी सोडायचं. सवय अंगात मुरावी म्हणून रा मोलेफे जेवतानाही मीठ असंच द्यायला लावतात. हसून हसून पोट दुखलं.

९ मे
हेडफोनात 'माझ्या हातात' ऐकलं, मी सोडलं. रा मोलेफे खेकसले, कुणी सांगितलं सोडायला, बहिरे? ते बोललेच नव्हते. आवाज कोवळा होता, मुलाचा.
मा सेथुन्याला सांगितलं तर तिच्या हातातला पाना गळून पडला. म्हणाली, गेल्या वर्षी पाको नावाचा शिकाऊ मुलगा हॉवर करतानाच गेला. रा मोलेफे दांडा मागत राहिले, घाबरलेल्या पोराने शेवटपर्यंत सोडला नाही. हा नियम तेव्हापासून इतका कडक.

१० मे
रा मोलेफेंपाशी पाकोचं नाव काढलं. चेहरा उतरला त्यांचा. घरी जायचं तर जा, म्हणाले. आई आठवली. थांबले. पण भीती वाटते, फार वाटते.

११ मे
दवाखान्यातून कसंबसं लिहितेय. आज पुन्हा तो आवाज. ओळखला मी — तरी हात सुटले. सवय. रा मोलेफेंनीही ऐकला — त्यांचेही ओठ हलले, 'तुमच्या हातात' — दांडा आपोआप वळला — यंत्र कललं, पातं मातीत —

१३ मे, दवाखाना
रा मोलेफे गेले. माझा पाय मोडलाय. मा सेथुन्या रडत म्हणाली, बाहेर काढलं तेव्हा त्यांचे हात मांडीवर होते. रिकामे.

१४ मे
भर दुपार. उशाशी तोच — माझ्या हातात. तोंड दाबून धरलंय. उत्तर द्यायचंच नाही. आई संध्याकाळच्या गाडीने येतेय. तोवर लिहीत राहायचं, म्हणजे हात माझेच —

पुन्हा म्हणाला. बोटं सैल पडताहेत. आई गं, मी नाही सोडणार, नाही —

तुमच्या हा