स्टिअरिंगवरचं एक बोट

३ जून

पोचलो! बसवाल्यानं हायवेवरच उतरवलं. तिथून मक्याच्या शेतांमधून बॅग ओढत आलो. लिबी मावशी दारातच उभी होती. आधी मिठी मारली, मग कान धरला. म्हणाली, डेल्या, इथे कोंबड्यांना डोळे-बिळे चिकटवायचे नाहीत हं. म्हणजे आईनं फोनवर सगळं ओकलं होतं. आता त्यात एवढं काय होतं? ओमाहाच्या दुकानात फ्रीजरमधल्या कोंबड्यांना प्लॅस्टिकचे डोळे चिकटवले. एक बाई किंचाळली आणि माझी नोकरी गेली. पण कोंबड्या दिसत होत्या भारी.

मावशीनं कोलाचे भाजून ठेवले होते, ते मधे जर्दाळूचा मुरंबा घातलेले गोल पाव. पोट फुटेस्तोवर खाल्ले. मग म्हणाली, तुझ्या आईला शब्द दिलाय की पोरगा माझ्याकडे सुधारेल. आणि डोळा मारून म्हणाली, फार नको सुधरूस, घर सुनं पडलंय.

मिलो काका गेल्यापासून ती एकटीच असते. काका भन्नाट माणूस होता. ही एवढी झुपकेदार मिशी! साखरेच्या डब्यात मीठ भरायचं मला त्यानंच शिकवलं. काही हिवाळ्यांपूर्वी थंडीत गेला, एवढंच मला माहीत. तेव्हा रस्ते बर्फानं बंद होते, आम्हाला मातीलाही येता आलं नाही.

मावशी हसते तेव्हा अजून आधीसारखीच हसते. हिला या उन्हाळ्यात एकटं वाटू द्यायचं नाही. ठरलं.

५ जून

नोकरी झकास. जिल्ह्याचं पर्यटन ऑफिस म्हणजे व्हर्लीनबाई, मी आणि एक कुरकुरणारा पंखा. बाई आयोवातून लग्न होऊन इथे आल्या, त्याला वर्षच होतंय, पण जिल्ह्याचा अभिमान असा की जन्म इथलाच वाटावा. त्या एक यादी बनवतायत, ‘मरायच्या आधी आमच्या जिल्ह्यात बघायच्या पंचवीस गोष्टी’. पाहुण्यांना पुस्तिका द्यायची, प्रत्येक ठिकाणी शिक्का मारायचा, सगळे शिक्के झाले की टी-शर्ट फुकट. शेजारच्या जिल्ह्याकडे पंचवीस आहेत. आपल्याकडे एक कमी. बाईंना त्यापायी जेवण जात नाही.

मला म्हणाल्या, पोरा, ही वही घे, हिंड, जे विचित्र दिसेल ते लिहून आण. मी म्हटलं, बाई, आरशात बघितलं की पहिलं पान भरेल. हसल्या. जमणार आमचं.

दिवसभर त्यांच्या गाडीतून हिंडलो. बँकेत पेंढा भरलेलं दोन डोक्यांचं वासरू, ट्रॅक्टरच्या पोटातून वर आलेलं झाड, काटेरी तारांचं म्युझियम. (तारेचे प्रकार किती असतात हे चुकूनही विचारू नका. तो माणूस सांगत बसतो.) एका शेताच्या कुंपणावर शेकडो बूट अडकवलेत. का, ते कुणालाच माहीत नाही.

आणखी एक गंमत. इथे समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरचा हात न काढता एक बोट वर करतो. वाईट नाही, चांगलं बोट. म्हणजे, ठीक ना? आपणही बोट उचलायचं. म्हणजे, ठीक. की गाड्या आपापल्या वाटेनं पुढे. मी शहरी माणूस, मी काही उचललं नाही. संध्याकाळी शेजारचे ॲम्ब्रोज आजोबा भांडंभर बटाट्याची भाजी घेऊन मावशीच्या दारात हजर. पोरगं आजारी आहे का, विचारायला आले होते. बोट नाही उचललं म्हणे त्यानं!

९ जून

पंचविसावी गोष्ट सापडली. खरं तर मीच बनवली.

काकाची जुनी निळी पिकअप मावशीच्या मागच्या शेडमध्ये धूळ खात पडली होती. मावशी त्या शेडचं दारसुद्धा उघडत नाही. बॅटरी बदलली, सुरू झाली. पोत्याचं डोकं, त्यावर खडूनं डोळे, आत पेंढा. सीटच्या मागे काकाचं जाड कॅनव्हासचं जाकीट होतं, ते चढवलं. हात म्हणजे झाडूचा दांडा. हातमोज्यात तार घालून एक बोट वर केलं. काकाला ही थट्टा फार आवडली असती.

मावशीला सांगितलं नाही. गावच्या जत्रेच्या दिवशी तिचे डोळे झाकून घेऊन जाणार आहे.

पिकअप हायवेजवळ नेणार होतो, पण पश्चिमेच्या कच्च्या रस्त्यावर, बाभळींच्या ओळीपाशी इंजिन आपोआप बंद पडलं. कितीदा किल्ली फिरवली, हूं नाही की चूं नाही. म्हटलं, हीच जागा. पाटी लावली: ‘हर्मन. जगातला सगळ्यात नम्र माणूस. बोट उचलल्याशिवाय पुढे जाऊ नका.’

व्हर्लीनबाई बघून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

१४ जून

हर्मन वासरापेक्षा पुढे गेला! कुठून कुठून माणसं येतात, बोट उचलून फोटो काढतात, शिक्का मारून घेतात. टेक्सासची एक आजी त्याच्या गालाचा मुकाच घेऊन गेली. म्हणाली, आतून गार आहे रे, एसी बसवलायस का? मी म्हटलं, हो, पाहुण्याला उकडायला नको.

गावातली माणसं मात्र अजब. हर्मनपाशी आली की गाडीचा वेग वाढवतात. बोट उचलतात, पण बघत नाहीत. कुणी हसत नाही, कुणी काही बोलतही नाही. दुकानात मी गेलो की गप्पा थांबतात, आणि मग सगळे एकदम हवेबद्दल बोलायला लागतात.

मलाही बोटाची सवय लागलीय. आज मावशी नाश्त्याला आली तर चमच्यावरून बोट आपोआप वर. ती खूप हसली. मग उठून खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. घासलेलीच भांडी.

२१ जून

एका पाहुण्यानं फोटो पाठवला. व्हर्लीनबाईंनी माझी पाठ थोपटली. म्हणाल्या, पोरा, मिशी लावायची कल्पना बेस्ट, आणि वर ते खोटं बर्फ!

मी मिशी लावलेली नाही.

फोटो मोठा करून बघितला. काचेवर ऊन चमकतंय. त्यामागे चेहरा धूसर आहे, पण झुपकेदार मिशी आहे आणि ती पांढरी आहे. गोठलेल्या दवासारखं काहीतरी.

भर दुपारी जाऊन बघितलं. पोतंच होतं. खडूचे डोळे. मिशी नाही. पण काचेला आतून हिमाचा थर होता. नखानं खरवडला, नखात बर्फ आलं. बाहेर टोपीखाली डोकं शिजत होतं.

कुणीतरी माझीच थट्टा करतंय. करणारा उस्ताद आहे.

२५ जून

थट्टा नाही.

ॲम्ब्रोज आजोबा हर्मनपाशी गाडी थांबवून उभे होते. टोपी हातात. मी म्हटलं, आजोबा, आत जाऊन शेकहँड करा ना. ते हसले नाहीत. मला गाडीच्या पायरीवर बसवलं आणि सांगितलं.

काकाची पिकअप वादळात इथेच बंद पडली होती. बाभळींपाशी. हाच रस्ता, हीच बाजू. काका आत, हात स्टिअरिंगवर. आजोबा समोरून आले. काकानं बोट उचललं. यांनीही उचललं आणि पुढे गेले. मागून टपालवाला आला, मग धान्याच्या ट्रकवाला. सगळ्यांनी बोट उचललं. बोट उचललंय म्हणजे माणूस ठीक आहे. ठीक असलेल्या माणसाला विचारायचं काय? शेवटी बर्फ काढणारा गाडीजवळ गेला तेव्हा काका कडक झालेला होता. बोट अजून वरच.

आजोबा म्हणाले, मी गेलो तेव्हा तो जिवंत होता की नाही, एवढंच मला कळत नाही रे. पोरा, हे दुष्टपणानं नाही केलंस, ठाऊक आहे आम्हाला. म्हणून कुणी बोललं नाही. लिबीला कोण सांगणार?

मी म्हटलं, आत्ताच काढून टाकतो. ते म्हणाले, उद्या काढ. आधी मला एकदा दार उघडून त्याला विचारू दे, ठीक आहेस का म्हणून. तेव्हा विचारायचं राहिलं.

मी त्यांना एकटं सोडून निघालो. मोकळं बोलायचं असेल त्यांना.

२६ जून

ॲम्ब्रोज आजोबा गेले.

सकाळी शेरीफला सापडले, पिकअपमध्ये हर्मनशेजारी बसलेले. म्हातारं हृदय, असं सगळे म्हणतायत. पण त्यांना बाहेर काढलं तेव्हा मी तिथे होतो. पापण्यांवर हिम होतं. बोटं काळी पडलेली. सीटवरून उचलताना त्यांच्या शर्टाचं कापड फाटलं, सीटला चिकटलं होतं.

शेरीफनं पिकअप ओढून त्याच्या आवारात ठेवली, कुलपात. व्हर्लीनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी यादीतून पंचविसावी गोष्ट खोडली आणि टेबलावर डोकं ठेवून रडल्या.

मावशीला कळलंच. मी माफी मागायला गेलो तर थांबवलं. ओरडली नाही. ओरडायला हवं होतं तिनं.

म्हणाली, त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. काय तर कॉफी कडू झाली. तो निघाला, गाडीतून नेहमीसारखं बोट वर केलं. मी या खिडकीत होते. नाही उचललं मी. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत रागावू दे त्याला. साऱ्या जगानं त्याला बोट दाखवलं डेल्या, मी एकटीनं नाही.

२८ जून

शेरीफच्या आवारात जाऊन हर्मनला पिकअपमधून सोडवून आणला. घरामागे पिंपात जाळायला घातला. पेंढा पेटेना. ओला आहे. बर्फासारखा गार. सगळं रॉकेल ओतलं तेव्हा कुठे धूर निघाला. जाकीट जळलं. हातमोजा जळाला. मी बघितलं, राख बघितली.

आता पिकअप रिकामी. कुलपात.

मावशी खिडकीतून हलत नाही. मी कोलाचे करायचा प्रयत्न केला, करपले. तिला हसवायला करपलेल्याला डोळे चिकटवले. हसली. थोडीशी.

३० जून

पिकअप आमच्या टपालपेटीपाशी आहे.

शेरीफ म्हणतो, कुलूप तसंच, फाटक बंद. माझ्यावर ओरडला, पुरे झाली तुझी थट्टा. मी आईची शपथ घेतली. माझ्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार? लांडगा आला रे म्हणणारा मीच.

पुन्हा ओढून नेली. दुपारी परत. या वेळी आमच्या फाटकाच्या आत.

काच पांढरी आहे. आत कोण ते दिसत नाही. फक्त स्टिअरिंग दिसतं. त्यावर हात. मोजा नाही. बोट—

मावशीला म्हटलं, चल, ओमाहाला जाऊ, आत्ता. ती म्हणाली, परत तोंड फिरवून जाऊ?

पडदा ओढला. ती उठून बाजूला करते.

१ जुलै

सकाळ. स्वच्छ ऊन.

मी अंघोळीला गेलो होतो— फक्त तेवढंच— बाहेर आलो तर मावशी नाही. खुंटीवरची घोंगडी नाही. थर्मास नाही. दार उघडं.

ती पिकअपमध्ये आहे. त्याच्या शेजारी. अंगणात, खिडकीसमोर.

धावत गेलो. दार उघडेना, गोठून बसलंय. हात भाजले गारठ्यानं, कातडी हँडलला राहिली. काचेवर बुक्के मारले. आत मावशी त्याच्या खांद्यावर घोंगडी सारखी करत होती. माझं काही ऐकू येत नसल्यासारखी. ओठ निळे. पण जिवंत आहे. तिच्या तोंडातून वाफ येते. त्याच्या नाही.

शेरीफला फोन केला. ठेवून दिला त्यानं. परत केला, उचलत नाही.

किटली चढवलीय. मोठी. उकळतं पाणी ओतलं तर दार सुटेल. सुटायलाच हवं. उकळेपर्यंत खिडकीशी बसून लिहितोय. मुद्दाम लिहितोय— पेन हातात असलं की बोट खाली राहतं.

कारण तो बोट दाखवतोय. माझ्याकडे. थांबून, परत. परत.

ठीक ना?

उचललं तर संपलं. उचललं म्हणजे इथे सगळं ठीक, मग गाडी पुढे. मावशीला घेऊन. नाही उचलायचं डेल. नाही उचलायचं. काही ठीक नाहीये. मी ठीक नाही. ती ठीक नाही. थांब काका, थांब जरा—

इंजिन सुरू झालंय. आपोआप.

पाण्याला बुडबुडे येतायत. अजून थोडं.

मावशीनं इकडे बघितलं. ओळखलं मला! हसतेय. आधीसारखी. पापण्या पांढऱ्या झाल्यायत तिच्या. तिनं पण हात वर—

एकच बोट.

नाही मावशी. मी पेन धरलंय. घट्ट. हे बघ, उजवा हात वहीवर, हलतसुद्धा नाही—

किटली वाजली. आलो. आलोच, दार—

गाडी का हलतेय? मी काहीच नाही केलं. पेन इथे आहे. उजवा हात इथे

डावा. काचेवर माझा डावा हात कधी वर