कपाचा कान

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

माझ्या चहाच्या कपाचा कान तुटला. एवढा अन्याय आपल्या घराण्यात कुणी सोसला नसेल.

तोडला आमच्या कारखान्यातल्या यंत्रमानवाच्या हातानं. तो हलवायला सी या संगणकभाषेत लिहिलेली तयार आज्ञांची लायब्ररी आहे, तिला मी पायथन या दुसऱ्या भाषेतून हुकूम सोडतो. तिला कोन रेडियन या मोठ्या एककात लागतो, मी अंशात दिला. म्हणजे सत्तावन्न पट जास्त! आधी चाचणीत संगणकाच्या पडद्यावरचा नकली हात टेबलं फोडत सुटला, तर मी हसलो, "चित्रच बिघडलंय." आणि खरा हात जोडला.

कप उडवून तो माझ्या डोक्यावर आला. "सरक, शहाण्या!" म्हणत शेजारी काम करणाऱ्या फिटरनं मला ढकललं आणि त्याचाच खांदा कडकन मोडला.

मला खरचटलंही नाही. झोपही लागते, बऱ्यापैकी. तुझे गुडघे काय म्हणतात?

फिटरला एका हातानं बुटाची नाडी बांधता येत नाही. रोज सुटी झाली की मी खाली बसून बांधतो.

तुझा,
शहाणा