घरात माणसे: एक

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.
बंगल्याच्या फाटकाबाहेर पिशवीवर बसून बायकोने, सारिकाने, बांधून दिलेली भाकरी आणि वालाची भाजी खात होतो. कोणी आहे का, अशी एकच हाक मारली होती. तेवढ्यात फाटक आपोआप सरकले आणि आतून बाईचा एक गोड आवाज म्हणाला, ओ, या ना. घास तोंडातच ठेवून मी उभा राहिलो. मग कळले की बोलले ते घर. एकट्यालाच हसू आले.

जागा छान आहे. शहापूरहून डोळखांबच्या बाजूला येताना फाट्यावर जीप सोडायची आणि वीस मिनिटे चालायचे. मुरबाडकडूनही एक रस्ता येतो, तो लांबचा पण डांबरी आहे. चारी बाजूंना भाताची कापणी चालू आहे. मालकीणबाई, संजीवनी मॅडम, ठाण्यात राहतात आणि महिन्यातून दोनदा येतात. घरातले दिवे, पंखे, पंप, फाटक, सगळे आपापले चालू-बंद होते. प्रत्येक खोलीच्या छताला ताटलीएवढा पांढरा सेन्सर आहे. खोलीत माणूस श्वास घेत असेल तर त्याला कळते. हॉलच्या भिंतीवर पाटीएवढी स्क्रीन आहे. तिच्यावर घरात किती माणसे आहेत ते येते. शेवटचा माणूस बाहेर पडला की दिवे, पंप बंद आणि फाटकाला कुलूप, असा नियम घातलेला आहे. हा नियम दसऱ्यापासून चालत नाही. आधीचा माणूस काम अर्धवट टाकून गेला.

दुरुस्त झाले तर नोकरी कायम आणि मागची खोली राहायला. खोलीला स्वतःचा नळ आहे. सापगावला आम्ही दोन खोल्यांत सातजण आहोत आणि सारिकाला पाचवा महिना चालू आहे. येत्या १६ तारखेला, रविवारी, तिला इथे आणायचे ठरले आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
बिघाड सापडला, कारण सापडले नाही. घर रिकामे ठेवून मी रस्त्यावर उभा राहिलो आणि मोबाईलवर पाहिले. घरात माणसे: एक. आत गेलो तर दोन.

असे पडदा हलल्याने किंवा पंख्यानेही होते. म्हणून पंखे बंद केले, पडदे काढून घड्या घालून ठेवले. पाली हाकलल्या. तरी एक. मग एकेक खोली बंद करून तिथला सेन्सर उतरवत गेलो. ज्या खोलीतला उतरवावा, तिथला एक पुढच्या खोलीत दिसे. शेवटी सगळे उतरवून फक्त जेवणघरातला ठेवला. तिथे एक. दोन सेन्सरच्या कक्षा एकमेकींवर पडत असाव्यात, असे लिहून ठेवतो. पण एकच सेन्सर असताना कक्षा कोणावर पडणार?

बुधवार, ५ नोव्हेंबर.
झाडलोट आणि बागेचे पाणी पाहायला पाड्यावरचे जैतूदादा आणि त्यांची बायको रखमीवहिनी येतात. दिवस कलायच्या आत दोघे फाटकाबाहेर असतात. घरात पाऊल टाकत नाहीत. मी चहाला आत बोलावले तर वहिनी म्हणाल्या, नाय रे बाबा, तुज्या घराचा चहा तुलाच गोड. माझी भाकरी त्या बाहेर पायरीवर ठेवतात. शिडीवरून मी सेन्सर पुसत होतो, तर त्यांनी खिडकीबाहेरून विचारले, रे इंजिनेर, छताला काजळ लावतोस का? दृष्ट लागली का त्याला? जैतूदादा हसले नाहीत.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.
मॅडमचा फोन. आवाज चढलेला होता. महिन्याचे वीजबिल वाचून दाखवले आणि म्हणाल्या, भाविक, बारावी नापास मुलाला घेतले ही माझीच चूक.

मग सगळ्या नोंदी दसऱ्यापासून वाचल्या. दसऱ्याच्या दिवशी दिवेलागणीला फाटकावर एक हाक आलेली आहे. घराने ओ दिली. फाटक उघडले. आत: एक. त्यानंतर बाहेर गेल्याची नोंदच नाही. कॅमेऱ्याचे त्या वेळचे चित्र काढले. रिकामा रस्ता, आणि उघडे फाटक.

जैतूदादांना दाखवले. त्यांनी मोबाईल हातात घेतला नाही, लांबूनच पाहिले. दिवस मावळल्यावर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आमच्याकडेही आजी सांगायची. आपला माणूस तीनदा हाक मारतो. दुसरे जे असते ते एकदाच मारते. जैतूदादा म्हणाले, आमचा बापूस सांगायचा, ती हाक या माळावर कायमची हाये. इतकी वर्षं मारते, कोन देत नाय ओ. तुमच्या घराला आयबाप नाय का रे? हाक आली का लगेच ओ?

मला हसायला यायला हवे होते.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
उपाय केला. अनोळखी आवाजाला घराने ओ द्यायची नाही आणि फाटक उघडायचे नाही. फक्त ओळखीच्या आवाजाला. त्यासाठी आधी माझा आवाज घराला शिकवायचा. स्क्रीनवर वाक्ये येतात, ती मोठ्याने म्हणायची. दिवा लाव. मी आलो. फाटक उघड. सगळी वाक्ये नीट म्हटली. शेवटचे एक राहिले होते.

बाहेर दिवस मावळत होता. फाटकावरून सारिकाचा आवाज आला. अवो, ऐकता का?

मी म्हणालो, ओ, आलो आलो!

आणि धावलो. मला वाटले, न सांगता आली. रस्त्यावर कोणी नव्हते. लांब खळ्यावर पेंढा पडला होता, तेवढाच.

परत आलो तेव्हा स्क्रीनवर होते: आवाज ओळखला. भाविक.

शेवटचे वाक्य मी म्हटलेच नव्हते.

रविवार, ९ नोव्हेंबर.
दुरुस्त झाले! सकाळी हॉलमध्ये मी एकटा, आणि स्क्रीनवर एक. पहिल्यांदाच आकडा बरोबर आला. मॅडमना चित्र पाठवले. शाबास म्हणाल्या. काल संध्याकाळचे मनावर घ्यायचे नाही असे ठरवले. दमलेल्या माणसाला काहीही ऐकू येते.

दुपारी खात्री करून घेण्यासाठी रस्त्यावर जाऊन पाहिले. घरात माणसे: एक.

आत आलो. एक.

पुन्हा बाहेर. एक.

म्हणजे मी आत असलो काय, नसलो काय.

सोमवार, १० नोव्हेंबर.
सेन्सर मला मोजत नाही. जेवणघरात जेवायला बसलो, तिथला दिवा विझला आणि निजायच्या खोलीतला लागला. निजायच्या खोलीत गेलो, तिथला विझला. माझ्या पुढे किंवा मागे, नेहमी दुसऱ्याच खोलीत उजेड. सेन्सरखाली उभा राहून हात हलवले, उड्या मारल्या, त्याच्यावर तोंडाने वाफ सोडली. त्या खोलीत माणसे: शून्य.

संध्याकाळी फाटकासमोर म्हणालो, फाटक उघड. घर म्हणाले, आवाज ओळखला नाही. थोडे थांबून मागून, हॉलमधून, कोणीतरी तेच म्हणाले. फाटक उघड. लगेच उघडले. मी आवाजाकडे पाहून परत वळेपर्यंत मिटले होते.

तो आवाज कोणाचा ते मला माहीत आहे. मोबाईलवर स्वतःचा आवाज ऐकताना जसा परका वाटतो, तसा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.
वायर कापायला मीटरच्या खोलीकडे गेलो. तिचे कुलूपही आवाजावर उघडते. बाहेरचा मुख्य स्विच पाडला. गच्चीवर सोलर आहे, बॅटरी त्याच खोलीत आहे. काही बंद पडले नाही.

फाटक दिवसभर मिटलेले. दगडाने मोटर ठोकली, पत्रासुद्धा चेपला नाही. भिंत दोन पुरुष उंच आणि वर डुकरांसाठी, माकडांसाठी म्हणून घातलेल्या करंटच्या तारा. त्या तारांचे बटण मी स्वतःच घराच्या ताब्यात दिले. गेल्या बुधवारी. मॅडमनी सांगितले होते म्हणून.

बुधवार, १२ नोव्हेंबर.
इथे मोबाईलला रेंज नाही, सगळे घराच्या वायफायवर चालते. आज सारिकाला फोन लागला. मी म्हणालो, रविवारी येऊ नकोस. ती म्हणाली, असे काय करता हो, काल तर तास-दीड तास गोड गोड बोललात. बाळाशीपण बोललात, फोन पोटाला लावायला सांगितलात. आणि आज हे? मी म्हणालो, तो मी नव्हतो. ती रागावली. म्हणाली, मग कोण होता, माझा दुसरा नवरा? शुक्रवारी ये, मुरबाडकडून ये, रस्ता चांगला आहे, तुला धक्के बसायचे नाहीत, असे कोण म्हणाले? पिशवी भरून झाली माझी.

मी शपथ घालणार होतो. फोन तुटला.

वायफाय म्हणते, हे यंत्र ओळखीचे नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर.
शिडी लावली. तारेवर पोते टाकले. पोते जळले. उजवा तळहात गेला, डाव्याने लिहितो आहे. अक्षर वाईट येते.

ऊन तापल्यावर जैतूदादा भिंतीपलीकडे आले. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा म्हणाले, हां, आता बोल. सकाळधरनं तुज्या आवाजात घर हाका मारतंय, एकेकदाच. वहिनी पलीकडून रडत होत्या आणि मला शिव्याही देत होत्या. म्हणाल्या, सांगितलं व्हतं ना रे तुला, मेल्या, सांगितलं व्हतं ना!

कालच जैतूदादांनी मॅडमना पाड्यावरून फोन केला होता. मॅडम म्हणाल्या, भाविक आताच माझ्याशी बोलला, घर उत्तम चाललेय. माझ्या फाटकाला हात लावलात तर पोलीस आणीन.

तरी उद्या पाड्यावरचे चारजण पहारी घेऊन येणार. मी म्हणालो, फाटक नंतर. आधी मुरबाडच्या रस्त्यावर माणूस उभा करा. सारिका. पोटुशी आहे. हिरवी पिशवी. तिला परत पाठवा. जैतूदादांनी तीनदा हो म्हटले.

मग डोक्यात आले. हे बोलताना मी फाटकाच्या माइकखाली उभा होतो.

शुक्रवार, १४.
सकाळ. पहारी आल्या नाहीत. वहिनींचा आवाज लांबून, तीनदा, म्हणून खरा. रात्री मी म्हणे त्यांना ओरडून सांगितले, सारिका शहापूरकडून येणार, डोळखांबच्या फाट्यावर थांबा. तीनदा सांगितले.

ते शिकले. तीनदा हाक मारायला शिकले.

सगळे त्या फाट्यावर गेले आहेत. वहिनी आता मुरबाडच्या रस्त्याकडे धावत आहेत. एकट्या. वय साठ.

दुपार. भिंतीशी बसून आहे. घसा बसला. ओरडले तरी घर त्याच वेळी मोटर, पंप, गाणी, सगळे लावते. हिशोब लिहितो. हे कागद दगडाला बांधून पलीकडे टाकीन.

खर्च: जीपभाडे, सापगाव ते फाटा — १२०
टेप, स्क्रू, दोन सेल — ३१०
येणे: मॅडमकडून अकरा दिवसांचा पगार — ५५००
देणे: रखमीवहिनी, भाकऱ्यांचे — त्या घेणार नाहीत, तरी ५००

गाडी थांबली.

अवो.

गाणी बंद झाली. सगळे शांत. ती हसते आहे. मी ओरडलो, सारिका, जा, परत जा — आवाज फुटत नाही —

अवो, ऐकता का?

दुसरी. मी दगड मारला फाटकावर. ती म्हणाली, अगो बाई, केवढी घाई!

तिसरी.

आतून माझा आवाज. ओ, ये ना गो. जपून, पायरी आहे.

फाटक सरकले. मी तिच्या वाटेत उभा राहिलो. हात पसरून. ती माझ्या बाजूने गेली, पदर सावरून, जसे खांबाच्या बाजूने जातो. मिटले.

खिडकीतून स्क्रीन दिसते. दोन.

दिवे लागत आहेत, एकेक खोली.

तीन.

तिच्या पोटातले धरले. मला नाही. माझ्या आवाजातले ते तिला खुर्ची देते आहे. ती पोटावर हात ठेवून ऐकते आहे, ते तिथे वाकून काहीतरी शिकवते आहे, एकेक वाक्य —

देणे: सारिका, बाळंतपणासाठी कबूल केलेले — १५०००
पैकी दिले — २०००
बाकी —