ताटवाटी वेगळी

प्रिय ठमे,

फोनवर बोलले असते, पण तू मध्येच रडायला लागतेस आणि मग मलाही सुचत नाही.

दादाचं तुला अर्धंच सांगितलं होतं. आठ महिने तो त्वचेच्या डॉक्टरकडे खेटे घालत होता. अंगभर लालसर गाठी, खवले. डॉक्टर दर वेळी नवं मलम लिहून द्यायचा आणि लांबूनच म्हणायचा, स्वच्छता ठेवा. दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्या माणसाला! मग काखेत गाठी आल्या, तहान भागेना, बरळायला लागला. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलं होतं. त्याच्या रक्ताची काच आमच्याच लॅबमध्ये आली. सूक्ष्मदर्शकाखाली मीच पाहिली. पाकळ्या-पाकळ्यांच्या पेशी, फुलासारख्या. इतकी किळस मला कशाचीच आली नव्हती.

रक्ताचा कर्करोग, एका विषाणूमुळे झालेला. विषाणू म्हटल्याबरोबर वहिनीच्या भावानं ताटवाटी वेगळी करायला लावली आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "बाहेर कुठे जायचा का हो हा?" शी! त्याच्या तोंडाकडे बघवेना. वॉर्डात मोठ्या डॉक्टरांनी दादाचं पांघरूण काढून विद्यार्थ्यांना म्हटलं, "बघा, काय सुंदर केस आहे." तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी तिथेच उभी होते, पण पांघरूण परत घालायलाही पुढे झाले नाही. त्याची चादर बदलताना खवले हाताला लागले, तर मीही बाहेर जाऊन ओकले. इतरांना काय नावं ठेवू?

औषधांनी गाठी बसल्या, पुन्हा उठल्या. डॉक्टर आता वर्षांची भाषा करत नाहीत.

आता नीट वाच. हा विषाणू बहुतेकदा आईच्या दुधातून येतो आणि तीस-चाळीस वर्षं मुकाट बसतो. बहुतेकांना कधीच काही होत नाही. मी माझं रक्त तपासलं. काल रिपोर्ट आला. माझ्यातही आहे. तुला आठवा लागलाय. उद्याच तपासून घे, आणि बाळाला पाजायचं की नाही ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेव. आईला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस. तिन्ही लेकरांना दोन-दोन वर्षं अंगावर पाजलं, हे ती अजून येईल त्याला सांगते.

तुझीच,
ताई